चित्रकलेचा ओनामा

विष्णुधर्मोत्तर पुराणांत एक मार्मिक कथा आहे. वज्र नांवाच्या राजाला देवतांच्या मूर्ति कशा घडवाव्या हें शिकावयाचें होतें, म्हणून तो मार्कंडेय ऋषींकडे गेला. ऋषि म्हणाले, चित्र समजल्यावांचून मूर्ति समजत नाहीं. राजा म्हणाला, तर मग चित्रच शिकवा. त्यावर उत्तर मिळालें कीं, नृत्य समजल्यावांचून चित्र समजत नाहीं. नृत्यासाठीं वाद्य हवें, वाद्यासाठीं गायन हवें. आणि अशा रीतीनें मूर्ति घडवावयास आलेल्या राजाला शेवटीं गाण्यापासून प्रारंभ करावा लागला. कथा ऐकून हसूं येतें, पण तिच्यांतील प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्याला चित्र काढावयाचें आहे त्याला पहिल्या दिवशीं काय शिकवावें? रेघ कीं रंग? दुसऱ्यानें काढलेला नमुना, कीं समोर बसलेला जिवंत माणूस? मुंबईच्या कलाशाळेनें ह्या एका प्रश्नाचीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. आणि प्रत्येक उत्तराबरोबर, ह्या देशांतील चित्रकाराचा हात कोणाच्या चाकरींत राहावयाचा, हेंहि ठरत गेलें.

ह्या इतिहासाचा आरंभ लंडनमध्यें होतो. १८५१ सालीं तेथें सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचें मोठें प्रदर्शन भरलें. हिंदुस्थानांतून गेलेलीं वस्त्रें, भांडीं, जडावाचें व कोरीव काम पाहून तेथील जाणते लोक थक्क झाले. यंत्रावर निघालेल्या इंग्रजी मालाची वेलबुट्टी त्यापुढें फिकी दिसूं लागली. हिंदी कारागिराला रंगाची आणि नक्षीची जी उपजत जाण आहे ती इंग्रज कारागिराला शिकवून आणावयास हवी, असा विचार तेथें जोर धरूं लागला. आणि गंमत अशी कीं, ज्या हिंदी कारागिराचा असा गौरव झाला त्यालाच नक्षी काढावयास शिकविण्यासाठीं थोड्याच वर्षांत इंग्रज शिक्षक येथें येऊं लागले!

ह्याला दुसरीहि बाजू आहे. विलायती मालामुळें येथील कारागिरांचे धंदे बसत चालले होते आणि त्यांना नवें शिक्षण देऊन उभें करावें अशी तळमळ येथल्याहि कांहीं थोर गृहस्थांना लागली होती. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं १८५३ सालीं अशा शाळेसाठीं एक लाख रुपये देऊं केले. मद्रासची शाळा १८५० सालीं निघाली होती, कलकत्त्याची १८५४ सालीं निघाली. मुंबईचे वर्ग १८५७ च्या मार्च महिन्यांत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें सुरू झाले. दात्याच्या मनांत कारागीर होता. पण वर्गांत जीं मुलें येऊन बसलीं त्यांतील अनेकांना कारागीर व्हावयाचें नव्हतें. हा सांधा पहिल्यापासूनच नीट जुळला नव्हता आणि पुढें तो वारंवार निखळत राहिला.

शिकवावयाचें कसें, हें मात्र लंडनमध्येंच ठरलें होतें. प्रदर्शनानंतर हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह ह्यांनीं साऱ्या इंग्लंडसाठीं रेखाकलेचा एक क्रम बसविला. तो साउथ केन्सिंग्टनची पद्धति म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत तेवीस पायऱ्या होत्या. पहिली पायरी भूमितीच्या उपकरणांनीं रेघा व आकृति काढण्याची. नंतर छापील नमुन्यावरून मोकळ्या हातानें बाह्यरेषा काढावयाची. ती साधली म्हणजे प्लॅस्टरच्या उठावदार नक्षीवरून. मग छायाप्रकाश, मग मनुष्याकृति. रंगाला हात लागावयाचा तो जवळजवळ अर्धी वाट चालून गेल्यावर. आणि विद्यार्थ्याची स्वतःची रचना? ती अगदीं शेवटीं, बाविसाव्या पायरीवर!

मुंबईसह हिंदुस्थानांतील शाळा ह्याच वळणावर चालल्या. एक पांढरें पान, एक अणकुचीदार पेन्सिल आणि समोर ग्रीक पुतळ्याचा प्लॅस्टरचा ठसा, हें नवख्या विद्यार्थ्याचें जग होतें. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत पुतळ्याच्या डोक्याचें माप घ्यावयाचें आणि तें माप सबंध उंचींत किती वेळां बसतें तें पाहावयाचें. मग उभी ओळंब्याची रेघ कल्पून कोणता बिंदु तिच्या डावीकडे पडतो व कोणता उजवीकडे, हें ठरवावयाचें. नंतर दिवसच्या दिवस सांवलीचें काम. एकेका पुतळ्यावर विद्यार्थ्याचे कित्येक आठवडे जात.

ह्या पद्धतीला नांवें ठेवणें सोपें आहे. पण तिच्यामागें विचार नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. प्लॅस्टरचा पुतळा पांढरा असतो, म्हणून रंगाचा घोटाळा होत नाहीं. तो हलत नाहीं, म्हणून सांवली जागच्या जागीं राहते. उजेड एका खिडकींतून घेतला, कीं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या सर्व छटा एकाच वस्तूवर स्वच्छ वाचतां येतात. सर्वांत उजळ भाग कोणता, सांवली कोठें गडद होते, आणि त्या सांवलींतहि शेजारच्या वस्तूवरून परतलेला मंद उजेड कसा शिरतो, हें ज्याला एकदां दिसलें त्याला तें आयुष्यभर दिसतें. नाक म्हणजे नाक नव्हे, उजेडांत व अंधारांत असलेल्या कांहीं पृष्ठभागांची ती एक जुळणी आहे, हा तो धडा. नवशिका जें ठाऊक आहे तें काढतो; त्याला जें दिसतें तें काढावयास लावणें हेंच पहिल्या वर्षाचें काम होय.

मग दोष कोठें होता? दोष असा कीं, पायरी हेंच घर होऊन बसलें. हात तयार होई, पण तो कशासाठीं तयार करावयाचा हें विसरलें जाई. शिवाय ज्या मुलानें अपोलोची मान शंभर वेळां गिरवली त्यानें आपल्या गांवच्या देवळांतील यक्षिणीची मान एकदांहि निरखून पाहिलेली नसे. सौंदर्याचें माप बाहेरून आलें होतें आणि तें पेन्सिलीवरच्या अंगठ्याबरोबर मनांतहि सरकत होतें.

१८६५ सालीं तीन इंग्रज कलावंत मुंबईस आले आणि शाळेला नवें चैतन्य आलें. जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्याकडे सजावटीचें चित्रकाम, जॉन लॉकवुड किप्लिंग ह्यांच्याकडे इमारतींवरील शिल्प व मायकेल हिगिन्स ह्यांच्याकडे लोखंडाचें नक्षीकाम सोंपविलें गेलें. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबर रोजीं किप्लिंग ह्यांना मुंबईंत मुलगा झाला. तोच पुढें कादंबरीकार रडयार्ड किप्लिंग म्हणून जगाला ठाऊक झाला. त्या वेळीं मुंबईचा किल्ला नुकताच पाडला जात होता आणि मोकळ्या जागेंत टोलेजंग इमारती उठत होत्या. विद्यार्थ्यांना धडा गिरवावयास आतां नुसता कागद उरला नाहीं, दगड मिळाला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरील शेतकऱ्यांचीं व बाजाराचीं उठावचित्रें किप्लिंग ह्यांच्या हातचीं आहेत. १८८८ सालीं पुरी झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या खांबांवर जीं पानें, पक्षी, माकडें दिसतात तें काम ह्या शाळेच्या विद्यार्थ्यांचें. घाईघाईनें गाडी गांठणाऱ्यांपैकीं कितीजण मान वर करून तें पाहतात कोण जाणे!

पण सर्वांत मोठा वर्ग भरला तो मुंबईपासून फार दूर, अजिंठ्याच्या डोंगरांत. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन थंडीच्या हंगामांत अजिंठ्याला जात आणि तेथील भिंतींवरील चित्रांच्या नकला करवीत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक नामांकित विद्यार्थी. ह्याहि नकलाच होत्या. परंतु प्लॅस्टरच्या अपोलोची नक्कल आणि पद्मपाणीची नक्कल ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. येथें एका खिडकींतून येणारा उजेड नव्हता, काळीभोर सांवली नव्हती. तांबड्या रंगाची एकच वाहती रेषा. तीच खांद्याचा गोलवा सांगते, तीच बोटांची नजाकत सांगते, आणि तीच डोळ्यांतील करुणाहि सांगते. खडकावर माती, भुसा व तूस ह्यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना व परदेशांतून आणलेला निळा राजावर्त, एवढ्याच मोजक्या रंगांचा तो संसार. सोळाव्या लेण्यांतील मूर्च्छित राजकन्येच्या चित्रांतील भावदर्शन ग्रिफिथ्स ह्यांनीं मुक्तकंठानें गौरविलें.

ह्या कामाला दैवाची दृष्ट लागली. नकला विलायतेंत पाठविल्या गेल्या आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगींत त्यांतील पुष्कळ जळून गेल्या. त्यापूर्वीं मेजर रॉबर्ट गिल ह्यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकलाहि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ सालीं भस्मसात् झाल्या होत्या. उरलेल्या कामावरून ग्रिफिथ्स ह्यांनीं १८९६-९७ सालीं दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रंग स्पष्ट दिसावे म्हणून नकला करतांना मूळ चित्रांवर व्हार्निशचा हात दिला गेला. कांहीं काळानें तें पिवळें, काळें पडलें आणि रंगांच्या खपल्या धरून बसलें. निजाम सरकारनें १९२० नंतर इटलींतून तज्ज्ञ आणून तीं चित्रें साफ करविलीं, तरी झालेली हानि पुरी भरून निघाली नाहीं. शिकणाऱ्याच्या उतावीळपणाची किंमत कधीं कधीं शिकविणाऱ्या चित्रालाच द्यावी लागते!

एवढें होऊनहि मुंबईस परतल्यावर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर पुन्हां तोच ग्रीक पुतळा उभा असे. अजिंठा हें एक महत्कार्य होतें, ओनामा नव्हता. तरीहि त्या कडक शिस्तींतून थोर माणसें निघालीं हें विसरून चालणार नाहीं. १८९० सालीं कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर शाळेंत दाखल झाले. पुढें ते तेथेंच शिक्षक झाले, १९३० सालीं कांहीं काळ संचालकाच्या जागींहि बसले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. ‘कलामंदिरांतील एक्केचाळीस वर्षें’ ह्या १९४० सालच्या आत्मवृत्ताचें नांवच सांगतें कीं, ह्या गृहस्थानें शाळेला मंदिर मानलें. पुतळ्यांवर घोटून तयार झालेला त्यांचा हात मराठी बाजारांत, लग्नमंडपांत, घाटावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर वावरूं लागला. नऊवारीचा कासोटा, डोक्यावरचें पागोटें, पाण्याची घागर कमरेवर घेतली असतां शरीराला येणारा बांक, हें सर्व त्यांच्या चित्रांत जसें उतरलें तसें क्वचितच कोणाच्या उतरलें असेल. शिक्षण परकें होतें; पण ज्याच्याजवळ पाहावयाला आपलें असें कांहीं होतें त्याला तें बाधलें नाहीं. बाकीच्यांचें काय झालें? त्यांतील पुष्कळजण ड्रॉइंग मास्तर झाले आणि जे नमुने त्यांनीं गिरविले तेच गांवोगांवच्या मुलांकडून गिरवून घेऊं लागले. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या परीक्षांचीं नांवें ज्या मराठी घरांत ठाऊक नाहींत असें सुशिक्षित घर विरळा. त्या परीक्षा आजहि चालूं आहेत.

इकडे कलकत्त्यास दुसरें उत्तर शोधलें जात होतें. १८९६ सालीं तेथें आलेल्या हॅवेल ह्यांनीं युरोपीय नमुने बाजूस सारले आणि हिंदी चित्रशिल्पावर अभ्यासाचा पाया घालण्याचें ठरविलें. १९०५ सालीं अवनींद्रनाथ टागोर तेथें उपप्रमुख झाले. हॅवेल ह्यांना विरोध केला तो कोणीं? खुद्द विद्यार्थ्यांनीं! आम्हांला उच्च विलायती कलेपासून दूर ठेवून कारागीरच ठेवावयाचें आहे, असा त्यांना संशय आला आणि कांहींजण शाळा सोडून वेगळ्या चित्रशाळेंत गेले. त्यांचा संशय अगदींच वेडगळ होता असें म्हणवत नाहीं. ज्या सत्तेनें आजवर अपोलो गिरवावयास लावला तीच एकाएकीं म्हणूं लागली कीं, तुमचें तेंच बरें. तेव्हां शिकणाऱ्यानें विश्वास कशावर ठेवावा? आपलें काय हें दुसऱ्यानें ठरवून दिलें, तर तें आपलें असूनहि परकें वाटूं लागतें.

१९१९ सालीं ग्लॅडस्टन सॉलोमन मुंबईच्या शाळेचे प्रमुख झाले. त्यांनीं जिवंत नमुन्यावरून अभ्यास करण्याचा वर्ग पद्धतशीरपणें सुरू केला. पुतळ्याच्या जागीं श्वास घेणारा माणूस आला. पुतळ्याला वजन नसतें. माणूस एका पायावर उभा राहिला कीं कमर एका बाजूला चढते, खांदा त्याच बाजूला उतरतो आणि सारें शरीर एका अदृश्य ओळंब्याभोंवतीं तोल सांवरतें. कातडीचा रंगहि एक नसतो. उजेडांत तो तांबूस, सांवलींत हिरवट, हाडाजवळ फिकट. मार्कंडेयांनीं नृत्याचें नांव कां घेतलें असेल तें ह्या वर्गांत बसणाऱ्याला उमजण्यासारखें होतें. त्याच्याच जोडीला सॉलोमन ह्यांनीं भित्तिचित्रांचा वर्ग काढला. १९२४ सालच्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनांत मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं सजविलेली हिंदी खोली ठेवली गेली आणि नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या भिंतींवरहि त्यांनीं चित्रें काढलीं. शरीररचना पश्चिमेची व मांडणी हिंदी, असा हा समेट होता. कलकत्त्याला तो पटला नाहीं आणि दोन्ही प्रांतांत शाब्दिक चकमकी झडल्या.

नेमक्या त्याच १९१९ सालीं जर्मनींतील वायमार गांवीं बाउहाउस नांवाची शाळा निघाली. युद्धांत होरपळलेल्या त्या देशांत सर्वच पहिल्यापासून उभारावयाचें होतें. जोहान्स इटेन ह्या स्विस चित्रकारानें तेथें नवशिक्यांसाठीं सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम बसविला. त्यांत पुतळा नव्हता. चित्र काढण्यापूर्वीं विद्यार्थी श्वासाचे व हालचालींचे व्यायाम करीत. मग लांकूड, कांच, लोंकर, दोरी, पत्रा अशा वस्तु हातांत घेऊन, डोळे मिटून त्यांचा स्पर्श ओळखावयाचा. खडबडीत व मऊ, जड व हलकें, स्वच्छ व धूसर ह्यांतील विरोध कागदावर आणावयाचा. रंगांचे सात विरोध इटेन शिकवीत. त्यांतील एकाचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल ह्यांनीं पूर्वींच लावला होता. गालिचांच्या कारखान्यांतील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. तपासांत दिसलें कीं दोष रंगांत नसून शेजारच्या रंगांत आहे. राखी ठिपका तांबड्यावर ठेवला तर हिरवट भासतो, हिरव्यावर ठेवला तर तांबूस. रंग एकटा नसतो. त्याचा स्वभाव शेजाऱ्यावरून ठरतो. शेव्ह्रल ह्यांनीं तें १८३९ सालीं ग्रंथरूपानें मांडलें.

मुंबईनें माणूस समोर बसविला त्याच वर्षीं वायमारनें समोरचें सर्वच काढून घेतलें! दोघांचा रोग एकच होता, तो म्हणजे नकलेचा कंटाळा. औषधें मात्र उलटीं होतीं. हे दोन प्रवाह एकमेकांना अगदींच अनोळखी नव्हते. १९२२ च्या डिसेंबरांत बाउहाउसच्या कलावंतांचीं चित्रें कलकत्त्याच्या प्रदर्शनांत लागलीं होतीं. पण वर्गाच्या दारांतून तो वारा आंत यावयास बराच काळ जावा लागला. १९३६ नंतर चार्ल्स जेरार्ड ह्यांच्या कारकीर्दींत मुंबईच्या विद्यार्थ्याला रंगाचा मोकळा वापर करण्यास उत्तेजन मिळालें. १९४७ सालीं पुरोगामी कलावंतांचा गट उभा राहिला. त्यांतील रझा, सूझा, बाकरे हे ह्याच शाळेंत शिकलेले, तर आरा ह्यांनीं कोणत्याहि कलाशाळेचें नियमित शिक्षण घेतलेलें नव्हतें. पाया कॉलेजांतच घातला पाहिजे असें नाहीं, ह्याचा तो चालताबोलता दाखला. पुढें शाळेच्या अभ्यासक्रमाचें पहिलें वर्ष ‘पायाभूत’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. रेखाटन, निसर्गाभ्यास, रंग, द्विमित रचना, त्रिमित रचना असे विषय त्यांत आले. बाविसाव्या पायरीवरची रचना अखेर पहिल्या पायरीवर येऊन बसली!

म्हणून पुतळा खोटा ठरला काय? सावळाराम हळदणकर ह्यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ ह्या १९४५ च्या सुमाराच्या चित्राकडे पाहावें. हातांत दिवा घेतलेली एक तरुणी. ज्योतीपुढें धरलेल्या हाताच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो आहे. हें जलरंगाचें काम आहे. जलरंगांत चुकलेला हात पुन्हां दुरुस्त करणें महाकठीण. उजेड ठेवावयाचा तो कागदाचा पांढरेपणा राखूनच. एवढा एक उजेड धरण्यासाठीं छायाप्रकाशाचा जुना अभ्यासहि लागतो, जिवंत शरीराचें ज्ञानहि लागतें आणि ऊन व थंड रंगांच्या विरोधाची जाणहि लागते. पुतळा, माणूस आणि रंग ह्या तिघांची भांडणें शिक्षकांच्या खोलींत. चित्रांत ते एकाच पंक्तीला बसतात.

मार्कंडेयांनीं वज्र राजाला एका कलेकडून दुसरीकडे फिरविलें तें त्याला थकविण्यासाठीं खास नव्हे. पहिला धडा कोणता, ह्याला एकच उत्तर नाहीं, हें त्याला उमगावें म्हणून तें असेल. मुंबईच्या कलाशाळेच्या इतिहासावरूनहि तेंच दिसतें. भूमितीपासून आरंभ केला तरी चित्रकार होतो, स्पर्शापासून केला तरी होतो. मात्र पहिल्या दिवशीं जें शिकविलें त्यावरच जो थांबला तो कारागीर राहतो. आणि त्याच धड्याच्या बळावर ज्यानें आपल्या अंगणाकडे, आपल्या माणसांकडे, आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, त्याचा ओनामा सार्थकीं लागतो.